हिम पडतं कुठे, राहतं कुठे

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. उघडा, काळवंडलेला जांभा, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर त्यावर हिरवी काडी दिसत नाही. लहानपणी आजोबांबरोबर सड्यावर जायचो तेव्हा एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. पाऊस तर सगळ्या सड्यावर सारखाच कोसळतो, मग माती फक्त त्या पाच-सहा खळग्यांतच का? तिथेच नाचणी, तिथेच भाताचे चार वाफे, आणि हातभर बाजूला नुसता कातळ. आजोबांना विचारलं तर म्हणाले, “झिला, पाऊस पडता खंय तां बघू नको. पाणी रवता खंय तां बघ.”

अंटार्क्टिकाच्या बर्फाविषयी वाचायला लागलो तेव्हा हे वाक्य कितीतरी वर्षांनी आठवलं. पृथ्वीच्या त्या टोकाला चाललेला सगळा हिशेब याच एका वाक्यावर उभा आहे. आणि ते टोक आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. मांडवी आणि झुआरी ओलांडून वास्कोला गेलं की समुद्राकडेच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे लांबट गोल तुकडे तिथल्या खोल्यांत उणे २० अंशांत जपून ठेवलेले असतात. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही गोव्याहूनच निघाली, ६ डिसेंबर १९८१ रोजी, सागरशास्त्रज्ञ एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. ९ जानेवारी १९८२ ला ती तिथे पोहोचली.

आधी शब्दांचं थोडं. आपण कोकणातली माणसं, आपल्याला ‘बर्फ’ हा एकच शब्द पुरतो, कारण मासळीवर टाकायचा बर्फ एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण या विषयात दोन वेगळ्या वस्तू आहेत. आकाशातून पडतं ते हिम: भुसभुशीत, हलकं, वाऱ्याने उडणारं. ते वर्षानुवर्षं थरावर थर साचून, वरच्या वजनाने दाबलं जाऊन घट्ट होतं, त्यातली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते, तेव्हा त्याचा बर्फ होतो. त्यासाठी साधारण ५० ते १०० मीटर खोल गाडलं जावं लागतं. अंटार्क्टिकावर अशा बर्फाची चादर १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरवर पसरली आहे, म्हणजे भारताच्या चौपटीहून जास्त, आणि तिची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. ग्रीनलंडवर दुसरी, लहान चादर आहे, सुमारे १७ लाख चौरस किलोमीटरची. वरून हिमाची भर पडते, मधला बर्फ स्वतःच्या वजनाने अगदी सावकाश किनाऱ्याकडे वाहतो, आणि कडेला वितळून किंवा तुटून समुद्रात जातो. मी इथे फक्त वरून पडणाऱ्या भरीबद्दल बोलणार आहे. ती सगळीकडे सारखी नसते. इतकी असमान असते की ऐकून विश्वास बसू नये.

एक उदाहरण. जुलै १९४२ मध्ये अमेरिकेची काही लढाऊ विमानं खराब हवेमुळे आग्नेय ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. वैमानिक वाचले, विमानं तिथेच राहिली. पन्नास वर्षांनी, १९९२ मध्ये, त्यातलं एक विमान बाहेर काढलं, तेव्हा ते सुमारे ८० मीटर खोल गाडलेलं होतं. पंचवीस मजली इमारत पालथी घालावी एवढं! तेच विमान पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर रशियाच्या व्होस्तोक केंद्राजवळ उतरलं असतं, तर पन्नास वर्षांत त्याच्यावर जे हिम पडलं असतं त्याचं पाणी करून मोजलं तर जेमतेम मीटरभर भरलं असतं. दोन्ही ठिकाणी बारमाही बर्फ. तरी एवढा फरक कुठून आला?

याचं पहिलं उत्तर आपल्याला शाळेत न जाताही ठाऊक आहे, कारण आपण त्याच उत्तरात राहतो. सावंतवाडीहून आंबोलीला निघा. नैऋत्येकडून येणारा ओला वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, चढताना थंड होतो, आणि थंड हवेला जास्त वाफ पेलवत नाही म्हणून ती टाकून देतो. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट ओलांडून गडहिंग्लजपर्यंत जा, तो हजाराच्या आसपास उतरतो. आणखी पूर्वेला जत, माण या बाजूला गेलात तर ५०० मिलिमीटरला माणसं समाधान मानतात. ढग तेच, वारा तोच. मधे एक डोंगर उभा राहिला, एवढंच.

अंटार्क्टिकाची कड म्हणजे बर्फाचा घाटच आहे. समुद्रापासून आत जाताना पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरांत चादर झपाट्याने चढते, मग हळूहळू सपाट होत तीन-चार हजार मीटर उंचीच्या पठारावर जाते. समुद्रावरून आलेली वादळं या चढावर अडतात आणि बहुतेक सगळं हिम तिथेच रितं करतात. किनाऱ्यालगत वर्षाला मीटरभर पाण्याइतकं हिमही पडू शकतं. पठारावर मात्र २० ते ५० मिलिमीटर. म्हणजे आपण ज्याला दुष्काळी म्हणतो त्या माण तालुक्याच्याही दहाव्या हिश्शाइतकं. तिथली हवा इतकी थंड असते की तिच्यात वाफ उरलेलीच नसते. तापमान एका अंशाने उतरलं की हवेची वाफ धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी घटते, आणि इथे तर वर्षाची सरासरीच उणे ५० च्या खाली आहे. कित्येक दिवस तिथे ढगही नसतो. निरभ्र आकाशातून बर्फाचे बारीक चकचकीत कण तरंगत खाली येत राहतात, तीच तिथली पर्जन्यवृष्टी. एक गोष्ट मात्र आपल्या घाटापेक्षा निराळी आहे. आपल्याकडे घाटमाथ्यापलीकडे देश खाली उतरत जातो. तिथे चढून गेल्यावर पुढे हजारो किलोमीटर माथाच माथा आहे.

सह्याद्रीशी अगदी हुबेहूब जुळणारा तुकडा हवा असेल तर तो अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा. दक्षिण अमेरिकेकडे बोटासारखी निघालेली ही डोंगररांग पश्चिमेच्या ओल्या वाऱ्यांना आडवी उभी आहे. तिच्या पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला कित्येक मीटर पाण्याइतकं हिम पडतं, पूर्वेला त्याचा लहानसा अंश. शिवाय पश्चिमेला हिम टाकून कोरडी झालेली हवा पूर्वेला उतरताना दाबली जाऊन तापते. तो उबदार वारा पूर्व किनाऱ्यावरच्या, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या लाद्यांवर वाहतो आणि त्यांचा पृष्ठभाग वितळवतो. २००२ मध्ये लार्सन-बी नावाची लादी पाच-सहा आठवड्यांत फुटली, ३,२५० चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठा भाग. त्या वितळण्यात या वाऱ्याचाही हात होता. डोंगराच्या एका बाजूला हिमाची रास आणि दुसऱ्या बाजूला वितळण, दोन्ही एकाच वाऱ्याचं काम.

डोंगर एवढा मोठा असायलाही लागत नाही. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर लॉ डोम नावाचा बर्फाचा घुमट आहे, सुमारे १,४०० मीटर उंच, दोनशे किलोमीटर रुंद. तिथे वादळं पूर्वेकडून येतात, म्हणून त्याच्या पूर्व उतारावर पश्चिमेच्या कितीतरी पट हिम साचतं. त्याहूनही लहान, केवळ काही शे मीटर उंचीची बर्फाची टेकाडं किनाऱ्याच्या तरंगत्या लाद्यांमध्ये जागोजाग आहेत; समुद्रतळाचा उंचवटा खालून लागल्यामुळे तिथला बर्फ अडून घुमटासारखा फुगलेला असतो. अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड या भागाच्या किनाऱ्यावरच्या अशा काही टेकाडांवर भारतीय आणि नॉर्वेजियन शास्त्रज्ञांनी मिळून काम केलं आहे, बर्फाच्या आतले थर दाखवणारं रडार वरून ओढत नेऊन. तिथेही तेच दिसतं: वाऱ्याकडची बाजू भरलेली, आडोशाची बाजू उणी. छोटा सह्याद्री, छोटं कोकण, छोटा देश, सगळं वीस-तीस किलोमीटरांत.

इथपर्यंत गोष्ट ‘पडण्या’ची झाली. आजोबांचं वाक्य खरं लागू होतं ते पुढे, ‘राहण्या’त. पावसाचा थेंब जमिनीवर पडला की निदान वाऱ्याने उडत तरी नाही. कोरडं हिम उडतं. आणि अंटार्क्टिकासारखा वारा पृथ्वीवर दुसरीकडे नाही.

आपले मच्छीमार ज्याला मतलई वारा म्हणतात तो आठवा. रात्री जमीन गार होते, तिच्यावरची हवा जड होते आणि पहाटे समुद्राकडे वाहते. पूर्वी शिडाच्या होड्या त्याच वाऱ्यावर बाहेर पडत. आता अशी जमीन कल्पा जी रात्रंदिवस गारच आहे, महिनोन्‌महिने सूर्य नाही, आणि जिचा उतार आतून समुद्राकडे एकसारखा आहे. तिच्यावरची जड हवा पाण्यासारखी उतारावरून घसरत जाते. जिथे उतार जास्त तिथे वेग जास्त, जिथे बर्फाच्या दऱ्या एकत्र येतात तिथे हवेचे व्हाळ मिळून नदी होते. १९१२-१३ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसन यांच्या मोहिमेने कॉमनवेल्थ उपसागराच्या काठी मुक्काम केला, तेव्हा त्यांच्या नोंदींत वाऱ्याची वर्षभराची सरासरी ताशी ८० किलोमीटरच्या घरात आली. आपल्याकडे चक्रीवादळात बावटा लावतात तसला वारा, आणि तो सरासरी!

सुटं हिम उडवायला ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वारा पुरतो. पुढे वेग वाढेल तसा त्याचा भार साध्या प्रमाणात वाढत नाही, साधारणपणे वेगाच्या घनात वाढतो. वारा सव्वापट झाला की तो जवळपास दुप्पट हिम वाहून नेतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता एक गैरसमज, जो मलाही बरीच वर्षं होता. वाटतं की जिथे वारा जोराचा तिथलं हिम उडून जाणार आणि जिथे मंद तिथे साचणार. पूर्ण खरं नाही. भरलेली एसटी आपल्या गावातून न थांबता पन्नास वेळा गेली तरी गावची वस्ती वाढत नाही नि घटतही नाही. माणसं उतरली तर वाढते, चढली तर घटते. वाऱ्याचं तसंच. वारा कितीही जोराचा असो, तो एकसारखा वाहत असेल तर जेवढं हिम घेऊन येतो तेवढंच पुढे नेतो. जिथे त्याचा वेग वाढत जातो तिथे तो आणखी हिम उचलतो, जमीन खरवडली जाते. जिथे वेग घटत जातो तिथे ओझं टाकतो. म्हणजे बघायचा तो वाऱ्याचा जोर नव्हे, जोरातला बदल. आणि हा बदल ठरतो उतारातल्या बदलावरून.

उतार किंचित तीव्र झाला की घसरणारी हवा वेग घेते. खळग्यात उतार मंदावला की वेग सोडते. म्हणून उंचवट्याच्या उतरत्या अंगावर हिम कमी आणि खळग्यात जास्त. आपल्या अंगणातही दुपारच्या वाऱ्याने फणसाचा पाला पायरीच्या कोपऱ्यात नेऊन टाकलेला असतो, तसंच. फरक एवढाच की अंटार्क्टिकावर हे ‘कोपरे’ डोळ्यांना दिसतही नाहीत. वाऱ्याच्या दिशेने उतार किलोमीटरमागे एक-दोन मीटरने बदलला तरी साचणाऱ्या हिमात ठळक फरक पडतो. एक किलोमीटर चालताना मीटरभर उंची बदलली तर आपल्या पायांना कळणारही नाही. तिथे उभ्या माणसाला चहूकडे सपाट पांढरं मैदान दिसतं. वाऱ्याला मात्र तो घाट आहे.

मग हे मंद उंचवटे आणि खळगे आले कुठून? मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

ते आले आहेत दोन-तीन किलोमीटर खाली गाडलेल्या डोंगरांतून. पावसाळ्यात व्हाळाला पूर आला की मधला धोंडा पाण्याखाली जातो, दिसत नाही. पण त्याच्यावरून जाणारं पाणी किंचित फुगतं, पुढे किंचित खाली बसतं, आणि माहितगार माणूस वरच्या लाटेवरून सांगतो की इथे धोंडा आहे. बर्फही वाहतोच, वर्षाला कुठे मीटरभर, कुठे शेकडो मीटर. खालच्या कातळातल्या टेकडीवरून सरकताना त्याचा पृष्ठभागही असाच हलका उमटतो. बर्फाच्या जाडीपेक्षा लहान टेकड्या वरपर्यंत पोहोचत नाहीत, जाड गोधडीखाली ठेवलेली सुपारी जशी वरून कळत नाही. पण त्याच गोधडीत गुरफटून झोपलेलं पोर कळतं, तशी कित्येक किलोमीटर रुंदीची टेकडी वर उमटते: पाच ते वीस किलोमीटर लांबीच्या लाटा, उंची काही मीटरांपासून काही दहा मीटरांपर्यंत. याची दुसरी बाजूही खरी आहे. व्होस्तोक केंद्राच्या खाली, जवळजवळ चार किलोमीटर बर्फाखाली, सुमारे २५० किलोमीटर लांबीचं पाण्याचं सरोवर आहे. पाण्याला टेकड्या नसतात, म्हणून त्याच्या वरचा बर्फ विलक्षण सपाट आहे, आणि उपग्रहाच्या रडारला तो सपाटपणा स्पष्ट दिसला.

म्हणजे साखळी अशी: ज्या कातळाने लाखो वर्षांत ऊन पाहिलं नाही तो बर्फाला लाट देतो, लाट वाऱ्याला वेग देते आणि काढून घेते, आणि वारा ठरवतो की आज पडलेलं हिम कुठे राहायचं. पूर्व अंटार्क्टिकाच्या मध्याखाली गाम्बुर्त्सेव नावाची आल्प्सएवढी पर्वतरांग पूर्ण गाडलेली आहे. १९५८ मध्ये सोव्हिएत मोहिमेला बर्फात केलेल्या स्फोटांच्या कंपनांवरून ती सापडली. एकही शिखर बाहेर नाही, तरी वरच्या चादरीच्या आकारावर तिची सत्ता चालते.

इथे चौकस वाचक विचारील: खळग्यात दरवर्षी जास्त हिम पडतं, तर हजार वर्षांत खळगा भरून का जात नाही? प्रश्न रास्त आहे. सड्यावरचे खळगेही मातीने भरतातच की. पण सडा जागचा हलत नाही, बर्फ हलतो. खालची टेकडी जागेवर आहे, बर्फ तिच्यावरून सतत पुढे जातोय, आणि ती प्रत्येक नव्या बर्फाला पुन्हा तीच लाट देते. वारा भरत राहतो, कातळ पुन्हा खणत राहतो. दोघांचा तोल कुठेतरी बसतो आणि खळगा खळगाच राहतो.

यातून एक मोठी अडचण निघते. बर्फात खोल भोक पाडून जो लांब नमुना काढतात, तो म्हणजे जुन्या हवामानाची बखर. व्होस्तोकचा नमुना सुमारे ४ लाख २० हजार वर्षं मागे जातो, डोम-सी या पठारावरच्या घुमटाचा ८ लाख वर्षं. थर जाड असेल तर त्या काळी हिम जास्त पडलं, पातळ असेल तर कमी, असं वाचायचं. पण तुम्ही उतारावर भोक पाडलंत तर खालचे थर तिथे पडलेलेच नसतात. ते वरच्या अंगाला कुठेतरी पडून, वाहत इथे आलेले असतात. वाटेत कधी खळग्यातून आले असतील तर जाड, उंचवट्यावरून आले असतील तर पातळ. वाचणारा म्हणेल, बघा, तेव्हा हवामान बदललं! प्रत्यक्षात हवामान तेच होतं, बर्फाने फक्त गाव बदललं होतं. हा धोका टाळायला खोल भोकं शक्यतो घुमटाच्या माथ्यावर पाडतात, जिथे बर्फ कुठल्याच दिशेला फारसा वाहत नाही. आणि जिथे माथा मिळत नाही तिथे वरच्या अंगाचे शेकडो किलोमीटर आधी रडारने तपासून घेतात.

वारा जिंकतो तेव्हा काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. काही ठिकाणी, विशेषतः बर्फातून डोकं काढलेल्या डोंगरांच्या आडोशाला, वारा पडलेलं सगळं हिम उचलून नेतो आणि खालचा जुना, घट्ट, निळा बर्फ उघडा पडतो. माती धुऊन गेलेला आमचा सडाच! असा निळा बर्फ अंटार्क्टिकाच्या जेमतेम एका टक्क्यावर आहे, पण त्याचं महत्त्व मोठं. आकाशातून पडलेले उल्कापाषाण बर्फात गाडले जाऊन वाहत येतात, डोंगराशी अडतात, वारा वरचा बर्फ झिजवत नेतो आणि दगड तिथेच उघडे पडून साचत जातात. १९६९ मध्ये जपानी चमूला यामातो पर्वताजवळ असे नऊ दगड एकाच परिसरात सापडले, आणि तिथून शोध सुरू झाला. आज जगात गोळा झालेल्या उल्कापाषाणांपैकी निम्म्याहून जास्त अंटार्क्टिकाचे आहेत.

पूर्व पठारावर आणखी एक नवल आहे. शिरोड्याच्या किंवा गुहागरच्या पुळणीवर वाळूचे ढीग वाऱ्याबरोबर पुढे सरकतात: वारा मागच्या अंगाची वाळू उचलून पुढच्या अंगाला टाकतो. पठारावर हिमाच्या महाकाय लाटा आहेत, दोन ते पाच किलोमीटर लांबीच्या पण उंचीला फक्त काही मीटर, पाच लाख चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेल्या. त्यांच्यावर उभं राहिलं तरी त्या दिसत नाहीत. उपग्रहाच्या चित्रांत दिसल्या. त्या उलट्या चालतात. वाऱ्याकडच्या अंगाला हिम साचतं, आडोशाच्या अंगाला वारा उतारावर वेग घेऊन सगळं खरवडून काढतो आणि काचेसारखं गुळगुळीत कवच राहतं. म्हणून लाट वर्षानुवर्षं वाऱ्याच्या तोंडाकडे सरकत जाते.

माणसाने बांधलेलं घरही वाऱ्याच्या दृष्टीने एक टेकाडच. पुळणीवर ओढून ठेवलेल्या होडीमागे वाळूचं शेपूट तयार होतं, तसं घराच्या आडोशाला हिमाचं शेपूट. भारताचं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री १९८३-८४ मध्ये तरंगत्या बर्फाच्या सपाट लादीवर उभारलं. जागा किनाऱ्याची, म्हणजे हिम भरपूर, आणि वाऱ्याला आडवं आलेलं एकच काही, ते केंद्रच. काही वर्षांत ते गाडलं जाऊ लागलं आणि १९९० च्या सुमारास सोडावं लागलं. दुसरं केंद्र मैत्री शिर्माखर टापूवर, उघड्या खडकांवर बांधलं. बर्फाची चादर त्या टापूला वळसा घालून जाते, वारा हिम टिकू देत नाही, आणि काळा खडक उन्हाने तापतो. शंभरेक किलोमीटरच्या अंतरात एका जागी घर पुरलं जातं आणि दुसऱ्या जागी तीस वर्षांहून अधिक काळ माणसं राहतात. हिमावरच राहायचं असेल तर घरालाच पाय लावतात. ब्रिटिशांचं हॅली आणि जर्मनांचं नॉयमायर ही केंद्रं उचलता येणाऱ्या पायांवर उभी आहेत: खालून वारा जाऊ द्यायचा, आणि हिम चढलं की घर वर घ्यायचं.

हे सगळं आपल्या किनाऱ्याला कुठे लागतं? सरळ लागतं. अंटार्क्टिकावर वर्षभरात साचणारं हिम सगळ्या समुद्रांवर पसरलं तर पाण्याची पातळी साधारण ६ मिलिमीटरने वाढेल. जवळपास तेवढाच, किंबहुना थोडा जास्त, बर्फ कडेने समुद्रात जातो. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी म्हणजे समुद्राला मिळणारी भर. वजाबाकीतला जमेचा आकडा पाच टक्क्यांनी चुकला तर उत्तर वर्षाला ०.३ मिलिमीटरने चुकतं, आणि जगभरच्या समुद्राची सगळी वाढच आज वर्षाला चार ते साडेचार मिलिमीटरच्या आसपास आहे. आमच्या खाडीकाठी खाजणाच्या बांधावर ज्यांची भातशेती आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. भाद्रपदातल्या उधाणाला पाणी बांधाच्या वितीवर आलं की रात्री कंदील घेऊन उठावं लागतं. बांध किती उंच करायचा हे ठरवणाऱ्याला पुढच्या पन्नास वर्षांचा आकडा हवा असतो, आणि त्या आकड्यात हे हिम आहे.

जमेचा आकडा मोजायचा कसा? उपग्रह पृष्ठभागाची उंची मोजतात, पण वाढलेली उंची भुसभुशीत हिमाची की घट्ट बर्फाची हे त्यांना कळत नाही. हवामानाची संगणकी गणितं बहुधा वीस-तीस किलोमीटरच्या चौकोनांत चालतात, आणि पाच किलोमीटरचा खळगा त्या चौकोनात हरवून जातो. रडार यात फार मोलाचं ठरलं आहे, कारण ते बर्फातले जुने थर एका ओळीत दाखवतं. बर्फाच्या नमुन्यात इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या १८१५ च्या उद्रेकातल्या आम्लाचा किंवा १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा थर ओळखता आला, की त्या वयाचा थर रडारवर कुठे खोल गेलाय आणि कुठे वर राहिलाय यावरून खळगे-उंचवट्यांचा हिशेब किलोमीटर-किलोमीटरला लागतो.

आणि अजूनही सगळ्यात साधं साधन तेच आहे: बांबू. बर्फात बांबूच्या काठ्या रोवायच्या, वर किती राहिल्या ते मोजायचं, वर्षाने जाऊन पुन्हा मोजायचं. पण काठी रोवलेली जमीनच चालती आहे. वर्षाला शंभर मीटर सरकणाऱ्या बर्फावर आज खळग्यात रोवलेली काठी वीस वर्षांत दोन किलोमीटर पुढे, चढावर पोहोचलेली असते. तिच्या बुडाशी यंदा हिम कमी साचलं, तर यंदा कमी पडलं की काठी खळग्याबाहेर आली, हे काठीकडे बघून सांगता येत नाही. त्यासाठी दोन किलोमीटर खालचा कातळ कसा आहे ते आधी माहीत असावं लागतं.